चालत्या सर्व्हरच्या आत डोकावताना

वेबपानावरची चूक निदान डोळ्यांना दिसते. बटण दाबलं तरी काही होत नाही, चित्र जागेवरून सरकलेलं असतं, आकडा भलताच उमटतो. तिथेच माउसची उजवी कळ दाबून ‘इन्स्पेक्ट’ म्हटलं की ब्राउझर त्या पानाची सगळी आतडी बाहेर काढून दाखवतो. सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र तोंडच नसतं. पडदा नाही, कीबोर्ड नाही अशा कुठल्यातरी यंत्रावर तो चालू असतो. मागणी येते, उत्तर जातं, मधे काय घडलं याचा पत्ता लागत नाही. बिनसलं की आपल्या हाती पडतो फक्त ‘५००’ हा आकडा, म्हणजे आत काहीतरी मोडलं, बाकी तुमचं तुम्ही बघा.

ते यंत्र ‘क्लाउड’मध्ये आहे असं आपण सवयीने म्हणतो. रायगडकरांनी तरी तसं म्हणू नये. पनवेलला २०२० साली योट्टाचं भलंमोठं डेटा सेंटर सुरू झालं, तेव्हापासून बऱ्याच जणांचे ढग आपल्याच जिल्ह्यात, भिंती आणि छप्पर असलेल्या इमारतीत, विजेवर आणि थंड हवेवर चालले आहेत. अलिबागच्या एखाद्या घरात बसून लिहिलेला प्रोग्रॅम पेण ओलांडून पनवेलला चालत असेल किंवा सिंगापूरला. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच लांब, कारण दोन्ही ठिकाणी तो दिसत नाही. तो दिसावा कसा, एवढाच या पुस्तकाचा विषय.

पुस्तक लिहिलं आहे ते अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, श्रीवर्धनच्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणारे असोत, छोट्या कॉलेजातले असोत, की कॉलेज सोडून मोबाइलवरचे व्हिडिओ बघत शिकलेले. या सगळ्यांना प्रोग्रॅम लिहिता येतो, हे मी पाहिलं आहे. अडतं ते पुढे. वर्गात लिहायला शिकवतात. लिहिलेलं बिघडलं की काय करायचं, हे मित्राकडून नाहीतर रात्री जागून एकट्यानेच धडपडत शिकावं लागतं. परीक्षेत तर अजूनही प्रोग्रॅम कागदावर पेनाने लिहितात, आणि कागदावरचा प्रोग्रॅम कधीच बंद पडत नाही.

जावास्क्रिप्ट शिकणारा पहिलं हत्यार उचलतो ते कन्सोल-लॉगचं. शंका आली की मधे एक ओळ टाकायची, व्हेरिएबलची किंमत छापायची, बघायची. मी त्याच्या विरोधात नाही. पुष्कळ चुका एवढ्यावर सापडतात, आणि सापडतात तोवर दुसरं काही शिकायची गरज कुणाला वाटत नाही. पण त्यात एक मोठी उणीव आहे. जे विचारायचं आधी सुचलं, तेवढंच छापलं जातं. ‘किंमत’वर संशय येतो म्हणून ती छापली, ती बरोबर निघाली. मग ‘तारीख’ छापली, तीही बरोबर. प्रत्येक वेळी सर्व्हर बंद करा, पुन्हा चालू करा, पुन्हा तीच मागणी पाठवा. त्यात सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड खोलवरच्या ऑब्जेक्टचे सगळे थर छापतही नाही. दोन पातळ्यांखाली गेलं की चौकटी कंसात ‘ऑब्जेक्ट’ एवढंच लिहून मोकळं होतं. नेमकी चूक तिसऱ्या पातळीवर बसलेली असते. डीबगरमध्ये क्रम उलटा आहे. प्रोग्रॅम आधी एका ओळीवर थांबवायचा आणि मग प्रश्न सुचतील तसे विचारत जायचे. त्या क्षणी कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे, हे फंक्शन कुणी बोलावलं, त्याला कुणी बोलावलं, सगळं समोर असतं. जे विचारायचं सुचलंही नव्हतं ते डोळ्यांत भरतं.

हे साधन ब्राउझरमध्ये का आहे आणि सर्व्हरच्या प्रोग्रॅमशी त्याचं नातं कसं जुळलं, हे थोडं सांगायला हवं, कारण नवख्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. ‘माझा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालतच नाही, मग ब्राउझर त्याला कसा थांबवणार?’ हा प्रश्न योग्यच आहे. जावास्क्रिप्ट १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी घडवली ती ब्राउझरसाठी. तिला सर्व्हरवर चालवायचा प्रयत्नही नेटस्केपनेच ‘लाइव्हवायर’ या नावाने लगोलग केला होता. तो रुजला नाही. ब्राउझरमध्ये मात्र तिची साधनं वाढत गेली. २००६ मध्ये जो ह्युइट यांचं फायरबग आलं आणि फायरफॉक्समध्ये बसल्या जागी ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम ज्या ओळीवर थांबवायचा त्या ओळीवरच्या खुणा, लावता येऊ लागले. त्याआधी अलर्टच्या खिडक्या उघडत काम करणाऱ्या पिढीला ते केवढं वाटलं असेल, हे आज सांगून पटायचं नाही. सप्टेंबर २००८ मध्ये गुगलने क्रोम आणला. त्याच्या पोटात व्ही-एट नावाचं वेगवान इंजिन होतं. रायन डाल यांनी २००९ मध्ये ते इंजिन ब्राउझरच्या बाहेर काढलं, त्याला फाइल आणि नेटवर्कची जोड दिली आणि नोड तयार झालं.

इंजिन बाहेर आलं, त्याच्याकडे बघायची खिडकी मात्र ब्राउझरमध्येच राहिली. सुरुवातीला नोडचा प्रोग्रॅम तपासायचा तर काळ्या टर्मिनलमध्ये एकेक आज्ञा टाइप करावी लागे. ही कटकट डॅनी कोट्स यांच्या ‘नोड-इन्स्पेक्टर’ने सोडवली. ब्राउझरची तपासणीची खिडकी जशीच्या तशी घ्यायची, तिचं बोलणं व्ही-एटला समजेल अशा भाषेत आणि व्ही-एटचं उत्तर खिडकीला समजेल अशा भाषेत फिरवायचं, असा तो मधला प्रोग्रॅम. कित्येक वर्षं लोकांनी त्याच्यावर काम भागवलं. जुलै २०१६ मध्ये नोडच्या ६.३ आवृत्तीने ती सोय, प्रयोग म्हणून का होईना, स्वतःच्या पोटात घेतली. मे २०१७ मधल्या आठव्या आवृत्तीत जुनी पद्धत काढूनच टाकली. त्यामुळे नोड-इन्स्पेक्टर बसवायला सांगणारा जुना धडा कुठे सापडला, तर तो सोडून द्यावा.

आजची मांडणी सोपी आहे. नोड सुरू करताना ‘इन्स्पेक्ट’ हा पर्याय दिला की ते आपल्याच यंत्रावर ९२२९ क्रमांकाच्या पोर्टवर वाट बघत बसतं. क्रोमच्या तपासणीच्या अंतर्गत पानावर गेलं की चालू असलेले नोड प्रोग्रॅम यादीत दिसतात. त्यांतल्या एकावर टिचकी मारली की ओळखीची खिडकी उघडते. दोघांमध्ये वेबसॉकेटवरून जेसनच्या रूपात निरोपांची ये-जा चालते: अमुक फाइलच्या अमुक ओळीवर थांब, थांबलो, आता या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते सांग, पुढच्या ओळीवर जा. प्रोग्रॅम चालतो नोडमध्येच. ब्राउझर फक्त विचारतो आणि मांडून दाखवतो. निरोपांची ही भाषा ठरलेली आहे. व्हीएस कोडमधला डीबगरही नोडशी तीच बोलतो, रायन डाल यांच्याच पुढच्या ‘डेनो’लाही ती कळते. एका खिडकीत हात बसला की दुसरीकडे फारसं नव्याने शिकावं लागत नाही.

पुस्तकभर एकच प्रोग्रॅम वापरला आहे. नागावमधल्या एका काल्पनिक घरगुती निवासाची नोंदणी: सहा खोल्या, तारखा, पाहुण्यांची नावं, जेवणात शाकाहारी किती आणि मासे खाणारे किती. बँक किंवा विमान कंपनीचं भारदस्त उदाहरण घेता आलं असतं, पण त्यातले नियम समजावण्यातच दोन प्रकरणं गेली असती. नागाव-काशीद-दिवेआगरची गर्दी या भागातल्या कुठल्याही मुलाला पाठ आहे. शुक्रवारी रात्री फोन वाजायला लागतात, मे महिना आणि ३१ डिसेंबर म्हणजे झुंबड, पावसाळ्यात मांडव्याच्या लहान बोटी बंद झाल्या की हिशेब वेगळा. अशा प्रोग्रॅममध्ये चुका कुठे लपतात याची चुणूक इथेच देतो.

पहिली चूक तारखेची. ‘आजच्या दिवसाची नोंदणी बंद’ असा नियम प्रोग्रॅममध्ये आहे. लिहिणाऱ्याने दुपारी तपासला, बरोबर चालला. संध्याकाळी तपासला, तरीही बरोबर. सर्व्हरवर चढवला आणि काही दिवसांनी तक्रार आली की मध्यरात्री कुणीतरी ‘आज’ची खोली घेऊन बसलंय. भाड्याने घेतलेले सर्व्हर सहसा ग्रीनिचच्या जागतिक वेळेवर चालतात, आपली वेळ त्यांच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात सर्व्हरच्या लेखी अजून कालचाच दिवस असतो. दिवसाउजेडी कितीही तपासलं तरी ही चूक दिसायची नाही. याच्या उलटही होतं. आपल्या लॅपटॉपवर वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे देऊन ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख तयार केली आणि ती प्रमाणित स्वरूपात मजकूर म्हणून बाहेर काढली, तर हाती ३० डिसेंबर येतो, कारण इथली मध्यरात्र म्हणजे तिथली आदल्या दिवसाची संध्याकाळी साडेसहाची वेळ. तीच ओळ सर्व्हरवर अचूक चालते. ‘माझ्याकडे चालतंय’ हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात लाडकं वाक्य. इथे ‘माझ्याकडेच चालत नाही’ असं म्हणायची पाळी येते. ब्रेकपॉइंट लावून त्या ओळीवर थांबलं आणि खालच्या कन्सोलमध्ये तीच तारीख दोन्ही प्रकारे छापून पाहिली की सगळं स्वच्छ होतं. जाता जाता: महिने शून्यापासून मोजायची, म्हणजे डिसेंबरला अकरा म्हणायची जी खोड जावास्क्रिप्टमध्ये आहे, ती जावा भाषेतल्या तारखेच्या मांडणीची घाईघाईत केलेली नक्कल आहे. जावाने पुढे नवी मांडणी आणून सुटका करून घेतली. आपण अजून अकराच म्हणतोय.

दुसरी चूक मला विशेष आवडते, कारण ती इंग्रजीत काम करणाऱ्याला सहसा भेटतच नाही. प्रोग्रॅम एका मोठ्या फाइलमधून पाहुण्यांचे मराठी अभिप्राय वाचतो. शेकडो अभिप्राय ठीक येतात आणि मधेच एखाद्या शब्दात अक्षराच्या जागी काळ्या शंकरपाळीतली प्रश्नचिन्हं उमटतात. फाइल उघडून बघावी तर तिथे शब्द धडधाकट. फाइलच्या सुरुवातीला एखादा शब्द वाढवला की प्रश्नचिन्हं त्या जागेवरून निघून भलत्याच शब्दावर जाऊन बसतात. नवखा इथे देवाचं नाव घेतो.

प्रकार असा आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘श्रीवर्धन’ हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणतो. जावास्क्रिप्ट काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरातले हलन्त वेगळे मोजून त्याची लांबी नऊ सांगते आणि फाइलमध्ये तो सत्तावीस बाइट खातो. नोड मोठी फाइल एका दमात वाचत नाही. ठरावीक मापाचे तुकडे करत वाचतं, आणि फाइलसाठी ते माप मुळात ६५,५३६ बाइटचं आहे. या आकड्याला तीनने भागून पाहा: बाकी एक उरते. सलग देवनागरी मजकूर असेल तर पहिल्या तुकड्याच्या शेवटी एका चिन्हाचा एक बाइट अलीकडे राहतो आणि दोन पलीकडे जातात. मधे मोकळ्या जागा, आकडे, इंग्रजी शब्द आले की बाकी बदलते, म्हणून प्रश्नचिन्हांची जागाही बदलते. प्रोग्रॅम प्रत्येक तुकडा आला की तो लगेच मजकुरात बदलून मागच्याला जोडत असेल, तर ते तुटलेलं चिन्ह दोन्हीकडे अर्थहीन ठरतं आणि प्रश्नचिन्हं उमटतात. इंग्रजी मजकुरात प्रत्येक अक्षर एका बाइटचं, त्यामुळे तिथे तुटायला काही नसतंच. असा प्रोग्रॅम परदेशात लिहिला जातो, तपासला जातो, वर्षानुवर्षं चालतो, आणि मराठी मजकूर येईपर्यंत निर्दोष राहतो.

डीबगरमध्ये ही चूक पकडण्यात खरी गंमत आहे. तुकडा आला की थांब, असा साधा ब्रेकपॉइंट लावला तर शंभर वेळा थांबत बसावं लागेल. म्हणून अट घालायची: जोडलेल्या मजकुरात ते प्रश्नचिन्ह आलं तरच थांब. प्रोग्रॅम बरोबर त्या क्षणी थांबतो, आणि हातातल्या तुकड्याचे पहिले बाइट उघडून बघता येतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५. आपल्या तुकड्याची सुरुवात २२४ ने न होता थेट १६४ ने झालेली असते. त्या एका आकड्यात सगळा उलगडा आहे. उपाय एका ओळीचा: वाचणाऱ्या प्रवाहाला आधीच सांगायचं की मजकूर यूटीएफ-८ आहे, म्हणजे अपुरं चिन्ह तो पुढचा तुकडा येईपर्यंत राखून ठेवतो. ती ओळ पाठ करून काम भागेल, पण २२४ हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस ती ओळ विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

इथवर डीबगरचं कौतुक झालं. आता त्याच्या घातक बाजूकडे वळायला हवं, आणि त्यासाठी अलिबागच्याच एका जुन्या इमारतीचा दाखला घेतो.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालू होती. विसावं शतक उजाडताना शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम आणायचं ठरलं. रुळांतून आणि जमिनीतून फिरणाऱ्या विजेच्या प्रवाहाने वेधशाळेतल्या नाजूक सुया हलणार, हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागला. १९०४ मध्ये इथे चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. बांधकामाला लोह नसलेला, तपासून घेतलेला पोरबंदरचा दगड वापरला. खिळे, बिजागऱ्यांना लोखंडाऐवजी तांबं आणि पितळ. आणि कुलाब्याचं काम लगेच बंद केलं नाही. सुमारे दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांत फरक किती पडतो ते कळावं. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली; तोवर सगळी तयारी झाली होती. जे मोजायचं त्याच्यावर मोजणाऱ्याच्या सामानाचा, त्याच्या इमारतीच्या खिळ्याचासुद्धा परिणाम होतो, हे ओळखून केलेलं हे काम आहे.

डीबगर हा लोखंडी खिळा आहे. नोडमध्ये आपला सगळा जावास्क्रिप्ट कोड एकाच धाग्यावर चालतो. ब्रेकपॉइंटवर एक मागणी थांबली की तिच्यामागच्या सगळ्या थांबतात. तुम्ही शांतपणे व्हेरिएबल बघत असता. तेवढ्यात बाहेर टायमरच्या मुदती संपतात, डेटाबेसची जोडणी कंटाळून तुटते, मोबाइलवरचा पाहुणा तेच बटण पुन्हा दाबतो. ‘पुढे जा’ म्हटल्याबरोबर हे सगळं एकदम अंगावर येतं, आणि दिसणाऱ्या चुकांपैकी निम्म्या मूळ प्रोग्रॅमच्या नसून थांबवण्यातून जन्मलेल्या असतात.

याचा सगळ्यात खोडकर नमुना म्हणजे पुस्तकातली तिसरी चूक. ३१ डिसेंबरसाठी शेवटची एक खोली उरली आहे. प्रोग्रॅम आधी डेटाबेसला विचारतो, खोली रिकामी आहे का. उत्तर येईपर्यंत थांबतो. ‘आहे’ म्हटल्यावर नोंद करतो. त्या थांबण्याच्या अवधीत दुसरी मागणी येऊन तोच प्रश्न विचारते, तिलाही ‘आहे’ असंच उत्तर मिळतं. एक खोली, दोन कुटुंबं, आणि वर्षअखेरीच्या रात्री अंगणात वादावादी. आपल्या किनाऱ्यावर तर यासाठी दोन माणसांचीही गरज नाही. रेंज येते-जाते, उत्तर वेळेवर पोहोचत नाही, माणूस ‘बुक करा’ पुन्हा दाबतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळलं, त्यानंतर अनेक गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती आणि फोनही धड लागत नव्हता. तेवढं टोकाचं सोडा, साध्या पावसाळ्यातही मागणी अर्ध्यावर तुटणं हे इथलं नेहमीचं आहे. इथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते धरूनच चाललं पाहिजे.

आता ही चूक शोधायला ब्रेकपॉइंट लावा. पहिल्या मागणीवर प्रोग्रॅम थांबतो आणि दुसरी मागणी दारातच तिष्ठत राहते. तुम्ही पहिलीला पुढे सोडता, तिची नोंद होऊन जाते, मग दुसरी आत येते आणि तिला ‘खोली नाही’ असं रास्त उत्तर मिळतं. चूक गायब! डीबगर काढा, चूक हजर. मागण्यांचा जो क्रम बघायचा होता, तोच थांबवण्याने बदलला. अशा ठिकाणी लॉगपॉइंट उपयोगी पडतो: ब्रेकपॉइंटसारखाच खिडकीतून लावायचा, कोडला हात लावायचा नाही, पण प्रोग्रॅम थांबत नाही, फक्त सांगितलेली किंमत छापून पुढे जातो. त्याचाही थोडा भार पडतोच, तरी क्रम सहसा टिकतो. छापलेल्या ओळींत दोन ‘रिकामी आहे’ लागोपाठ दिसले की निदान झालं. औषध मात्र जावास्क्रिप्टमध्ये शोधू नका. एका खोलीची एका तारखेला एकच नोंद, हा नियम डेटाबेसमध्येच घाला.

याच कारणासाठी लॉगचा मान कमी लेखू नये. डीबगर या क्षणाचं सांगतो. काल रात्री दोन वाजता काय झालं ते त्याला विचारून उपयोग नाही. कुलाब्याच्या नोंदवह्यांत सप्टेंबर १८५९ मधल्या प्रचंड चुंबकीय वादळाचे आकडे हाताने लिहून ठेवलेले होते. त्यांचं पुरतं महत्त्व जगासमोर आलं ते २००३ मध्ये, आणि त्या संशोधनात भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांचा वाटा होता. या संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. अलिबागची वेधशाळाही तीच चालवते. नीट लिहिलेला लॉग असा उपयोगी पडतो, तेव्हा न सुचलेल्या प्रश्नांनाही. म्हणून पुस्तकात एक प्रकरण लॉग कसे लिहावेत यावर आहे, जरी शीर्षकात त्याचा उल्लेख नसला तरी.

प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरला डीबगर लावावा का? माझं मत: लावण्याआधी तीनदा विचार करावा आणि लावलाच तर ब्रेकपॉइंट टाकू नये. लिनक्सवर चालू नोड प्रोग्रॅम बंद न करता, त्याला एक ठरावीक सिग्नल पाठवून तपासणीचं पोर्ट उघडता येतं. ही सोय अडचणीच्या वेळी सोन्यासारखी आहे आणि तितकीच जपून वापरायची आहे. त्या पोर्टला पासवर्ड नसतो. जो जोडला जाईल तो त्या प्रोग्रॅमच्या हक्काने वाटेल तो कोड चालवू शकतो, पाहुण्यांचे फोन नंबर काढू शकतो, नोंदी पुसू शकतो. म्हणून नोड ते दार मुळात फक्त त्याच यंत्रापुरतं उघडतं. दूरच्या सर्व्हरपर्यंत जायचं तर एसएसएचचा बोगदा काढून जावं. पत्ता बदलून ते पोर्ट सगळ्या जगाला उघडं करायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नये. त्याने वेळ वाचतो हे खरं, चोराचाही. एवढी काळजी घेऊनही मार्च २०१८ मध्ये नोडला एक दुरुस्ती तातडीने काढावी लागली, कारण एखादं दुष्ट वेबपान तुमच्याच ब्राउझरला फसवून त्या स्थानिक पोर्टपर्यंत पोहोचू शकतं, असं दिसून आलं होतं. आपल्या लॅपटॉपवरसुद्धा काम संपलं की तपासणी बंद करावी, ती यासाठी.

प्रणाली ठप्प झाली की काय होतं, हे रायगडच्या किनाऱ्याने जवळून पाहिलं आहे. जून २०१७ च्या अखेरीस नॉटपेट्या नावाच्या सायबर हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर कोलमडली आणि उरणजवळ न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाच्या टर्मिनलचं काम अडलं. त्याचा जावास्क्रिप्टशी संबंध नव्हता, डीबगरशीही नाही. पण संगणक गप्प झाला की कंटेनर जागच्या जागी उभे राहतात, हे समजावायला यापेक्षा जवळचं उदाहरण नाही. ब्रेकपॉइंट लावून चहाला जाणाऱ्याने ते आठवावं.

स्मृतीच्या गळतीबद्दल इथे थोडंच सांगतो, पुढे दोन प्रकरणं त्यावरच आहेत. सर्व्हर दिवसेंदिवस चालू राहतो, म्हणून वेबपानात खपून जाणारा निष्काळजीपणा इथे साठत जातो. कुठल्यातरी यादीत प्रत्येक मागणीची आठवण ठेवली आणि पुसायची राहिली, की चार दिवसांनी प्रोग्रॅम गतप्राण. ब्राउझरच्या त्याच खिडकीतून स्मृतीचं चित्र घेता येतं, थोड्या वेळाने दुसरं घ्यायचं, दोन्ही शेजारी ठेवून काय वाढलं ते बघायचं. फक्त एक ध्यानात असू द्या: चित्र घेताना प्रोग्रॅम थांबतो आणि जवळपास दुप्पट स्मृती लागते. आधीच गुदमरलेल्या सर्व्हरवर हा प्रयोग केला तर तो तिथेच कोसळेल.

टाइपस्क्रिप्टबद्दल विचारणा होणार, म्हणून सांगतो: सोर्स मॅप नीट तयार केले असतील तर डीबगर मूळ टाइपस्क्रिप्टच्याच ओळी दाखवतो, आणि ते कसे तयार करायचे ते परिशिष्टात आहे. अनेक सर्व्हरांमधून फिरणाऱ्या मागणीचा माग काढण्याची साधनं मात्र जाणूनबुजून वगळली आहेत. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, आणि सहा खोल्यांच्या निवासाला तो लागत नाही.

वाचण्यासाठी नोडची सध्या दीर्घकाळ सांभाळली जाणारी कुठलीही आवृत्ती आणि क्रोम किंवा त्याच घराण्यातला कुठलाही ब्राउझर पुरेल. साधा, चार-पाच वर्षांचा लॅपटॉप चालेल. पहिल्या प्रकरणात अकरा ओळींचा सर्व्हर आहे आणि त्यात मुद्दाम ठेवलेली एक चूक. नजर तयार असेल तर ती नुसती वाचूनही सापडते. तरीही तशी शोधू नका. सातव्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा, ब्राउझरमधून एक मागणी पाठवा, आणि उजवीकडच्या चौकटीत ‘पाहुणे’ या व्हेरिएबलचा प्रकार काय दिसतो ते बघा. आकडा दिसायला हवा होता.